एउसेबियोकाकांच्या घशातली नळी

(आरेकिपा, पेरू. जुलै २०२०, शनिवार सकाळ. आईचं चार महिने बंद असलेलं पार्लर. फोन ब्रिसाच्या हातात, समोर तिची डॉक्टर ताई रोसाउरा, फोनच्या पडद्यावर सेगारा मॅडम.)

ब्रिसा: ब्याऐंशी... एक्क्याऐंशी... टिंग... टिंग... टुंग... ताई, काका निळे पडायला लागले बरं का!

सेगारा मॅडम: ब्रिसा, मी पाठवते तेवढेच आकडे वाचायचे. पेशंटचा रंग मी सांगेन.

ब्रिसा: पण मॅडम, एक्क्याऐंशीला माणूस निळा पडतोच ना? मी वाचलंय.

सेगारा मॅडम: तुझे काका रबराचे आहेत. आणि फोन खाली घे. मला त्यांचं तोंड हवंय, केस नकोत.

ब्रिसा: केस नाही टाळता येत. आईनं या डोक्यावर नवीन मुलींना कर्ल शिकवले होते. एउसेबियोकाकांचा तोराच वेगळा!

रोसाउरा: ब्रिसा, गप्प बस ना जरा! काही सुचत नाहीये... जीभ बाजूला. वर उचलते. दिसला... बागेच्या पाइपाचं तोंड दिसलं.

सेगारा मॅडम: श्वासनलिका म्हण.

रोसाउरा: श्वासनलिका दिसली. नळी आत. नळीतली तार काढली. हवेची पिशवी दाबते.

ब्रिसा: फुगले! दोन्ही फुगे फुगले! म्हणजे, फुप्फुसं फुगली! पंच्याऐंशी, नव्वद, चौऱ्याण्णव, टिंग टिंग टिंग!

सेगारा मॅडम: किती सेकंद लागले?

ब्रिसा: एकतीस! गुरुवारी बावन्न होते. टाळ्या!

सेगारा मॅडम: टाळ्या नकोत. नळी बांध, रोसाउरा. घट्ट. हं. ब्रिसा, आता मागे हो. ताई डोक्यापासून पायापर्यंत दिसू दे. मला पीपीई किट काढताना बघायचंय.

ब्रिसा: होतेय होतेय... आई गं, ड्रायरला आपटले. हं. दिसतेय?

सेगारा मॅडम: दिसतेय. सुरू कर. सावकाश. काल एकीनं गाऊन असा ओढला की जणू लग्नाला उशीर होतोय.

रोसाउरा: वरचे हातमोजे. आतलं बाहेर करून. टाकले. हात धुतले. गाऊनची गाठ मागून... खांद्यावरून पुढे... गुंडाळून, बाहेरची बाजू आत. टाकला. हात धुतले. फेसशील्ड मागच्या पट्ट्यानं. डोळे मिटून. टाकलं. हात.

सेगारा मॅडम: छान. आता तिथेच थांब. मास्क काढू नको. फोनजवळ ये.

रोसाउरा: काय?

सेगारा मॅडम: आणखी जवळ.

रोसाउरा: नाही ना? मॅडम, नाही म्हणा.

सेगारा मॅडम: ओठांपाशी. गुरुवारी होता तिथेच. तांदळाच्या दाण्याएवढा, जांभळा.

रोसाउरा: कसं शक्य आहे? शील्डच्या आत! मी शील्डला पुढून हातसुद्धा लावला नाही!

सेगारा मॅडम: मी पाहिलं. नाही लावलास.

रोसाउरा: मग? विषाणू समजून जांभळ्या मक्याचं पाणी मी फक्त हातमोज्यांना लावलं होतं. ते उडून मास्कवर जाणार आहे का?

सेगारा मॅडम: पाणी उडत नाही, बाई. हात जातो. कधीतरी, कुठेतरी तुझा हात गेलाय.

रोसाउरा: कधी? तुम्ही बघत होतात!

सेगारा मॅडम: किट काढताना मी पापणी मिटलेली नाही. सत्तेचाळीस जणांना हे शिकवलं, पण असला डाग फक्त तुझ्याच मास्कवर बघतेय. बाकीच्यांचे डाग मनगटावर, मानेवर, सापडण्यासारखे.

रोसाउरा: ब्रिसा, तू माझ्या बाजूलाच उभी होतीस. तुला काही दिसलं?

ब्रिसा: मला? छे! मी तर आकडे वाचत होते.

रोसाउरा: आकडे संपल्यावर?

ब्रिसा: संपल्यावर मी ड्रायरला आपटले. सगळ्या जगानं ऐकलं.

सेगारा मॅडम: हं.

ब्रिसा: "हं" काय, मॅडम?

सेगारा मॅडम: काही नाही. एवढं बोलणारी मुलगी एकदम एवढं थोडं बोलली, म्हणून.

रोसाउरा: मॅडम, तिसरी संधी आजच घ्या. आत्ता. बारा वाजता पास झालेल्यांची यादी जाणार ना?

सेगारा मॅडम: बारालाच. दहा चाळीस झालेत. पाणी पी आधी. मास्कही बदल.

रोसाउरा: तेवढा वेळ आहे?

सेगारा मॅडम: आहे.

ब्रिसा: मी काय म्हणते, ताई, नाही जमलं तर एवढं काय बिघडतं? घरूनच फोनवर पेशंट बघायचे. पुरळ, खाज, नायटा. तू त्वचेचीच तर डॉक्टर आहेस! घशात नळ्या घालायला देवानं दुसरे डॉक्टर बनवलेत.

रोसाउरा: त्या दुसऱ्यांतले निम्मे आजारी पडलेत.

ब्रिसा: तेच तर म्हणतेय मी!

रोसाउरा: फाब्रिसियो तरी कुठला घशाचा डॉक्टर? हाडांचा आहे. तोही पास झाला आणि गुरुवारपासून कोविड वॉर्डाच्या आत आहे. माझ्याच बॅचचा. आणि मी इथे आईच्या खुर्चीवर रबरी डोकं घेऊन मक्याचे डाग मोजत बसू?

ब्रिसा: एउसेबियोकाकांचा अपमान करू नकोस.

रोसाउरा: तुला सगळी गंमतच वाटते ना गं!

ब्रिसा: नाही वाटत.

सेगारा मॅडम: भांडण नंतर. थांबा, हॉस्पिटलच्या संचालकांचा फोन येतोय. हा कॉल तोडू नका, मी येते.

रोसाउरा: फोन धर नीट. पाणी दे.

ब्रिसा: घे. ताई, पाव खातेस? सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या. तीन टोकांच्या पावाचं एक टोक तरी खा.

रोसाउरा: नको. हातमोजे कुठून काढले मी? मनगटातून. बोट आत घातलं, उलटे केले... त्यानंतर नाक खाजलं का मला?

ब्रिसा: नाही खाजलं.

रोसाउरा: तुला कसं माहीत? तू बघत नव्हतीस ना?

ब्रिसा: अंदाजानं सांगितलं.

रोसाउरा: मला वेड लागायची पाळी आलीय. दोन दिवस स्वप्नातसुद्धा गाऊन काढतेय मी.

ब्रिसा: ऐकू येतं. "हात धुतले, हात धुतले" म्हणतेस झोपेत. आईलाही ऐकू येतं. ती मग उठते आणि खोकते, आणि मग मी मोजत बसते, किती वेळा खोकली ते.

रोसाउरा: आईचा दमा आहे तो. जुनाच.

ब्रिसा: माहितीये मला जुना आहे ते!

सेगारा मॅडम: आहात का दोघी?

रोसाउरा: आहोत, मॅडम. काय म्हणाले?

सेगारा मॅडम: बस खाली. यादी रद्द झाली.

रोसाउरा: रद्द म्हणजे? परीक्षा नाही?

सेगारा मॅडम: परीक्षा आहे, पण तिनं काही अडणार नाही. काल आणखी सहा जण पॉझिटिव्ह आले. सोमवारपासून सगळ्या निवासी डॉक्टरांनी आत जायचं. पास असो, नापास असो.

ब्रिसा: नापास असले तरी?

सेगारा मॅडम: तरी. नापास झालेले नळी घालणार नाहीत, एवढाच फरक. पेशंटला पालथं करणं, अंग पुसणं, चादरी बदलणं त्यांच्याकडे. खोली तीच. हवा तीच. उलट पेशंटच्या जास्त जवळ, आणि जास्त तास.

ब्रिसा: असं कसं चालेल? मग ही परीक्षा कशाला? हे आकडे, हे काका, हे सगळं कशाला?

सेगारा मॅडम: किट नीट काढता यावं म्हणून, पोरी. पहिल्यापासून त्यासाठीच होतं. नळी तर मी कुणालाही शिकवीन.

ब्रिसा: म्हणजे नापास होऊन काही उपयोगच नाही.

सेगारा मॅडम: उपयोग? कुणाला?

रोसाउरा: ब्रिसा?

ब्रिसा: मी काकांना पुसते जरा.

रोसाउरा: ब्रिसा, माझ्याकडे बघ. काय केलंस तू? तू लावलास डाग?

ब्रिसा: मी नाही! मी कशाला लावू! तूच लावतेस!

रोसाउरा: कधी?

ब्रिसा: नळी बांधून झाली की. मॅडम म्हणतात "मागे हो", तेव्हा फोन माझ्याबरोबर फिरतो आणि त्यांना पार्लरचं छत दिसतं. आणि तेवढ्यात तू... हे. कपाळ, छाती, खांदा, खांदा. आणि मग अंगठ्याचा मुका. शील्डच्या खालून अंगठा आत जातो आणि मास्कला टेकतो. टच्च. गुरुवारीही. आजही.

रोसाउरा: मी? क्रुसाची खूण? हातमोजे घालून?

ब्रिसा: जांभळे हातमोजे घालून.

रोसाउरा: शक्यच नाही. मला कळलं नसतं का?

ब्रिसा: तुला जांभई आली तर कळतं का? तसंच आहे ते. टॅक्सी सुटली की करतेस, चर्च दिसलं की करतेस, पेपर लिहायला बसायच्या आधी करायचीस. हात आपोआप जातो तुझा.

रोसाउरा: आणि तुला गुरुवारपासून माहीत होतं.

ब्रिसा: हो.

रोसाउरा: आणि तू गप्प बसलीस. आत्ता मी इथे डोकं फोडून घेत होते आणि तू मला पाव खा म्हणत होतीस!

ब्रिसा: तू नापास झालीस तर घरी राहणार होतीस! तूच म्हणालीस! घरून फोनवर पुरळ बघत बसावं लागेल, असं रडत म्हणालीस, आणि मला इतका आनंद झाला की बाथरूममध्ये जाऊन तोंडावर टॉवेल धरून हसले मी. कोपऱ्यावरच्या पाववाल्या काकांसाठी त्यांचा मुलगा ऑक्सिजन सिलिंडरच्या रांगेत उभा होता, आठवतंय? रांग संपायच्या आत ते संपले. मुलगा सिलिंडर भरून घेऊन आला, आणि काका कुठेच नाहीत. मला नकोय ते. तू तिकडे जायला नकोयस मला. वाईट असेन मी. असू दे!

रोसाउरा: आणि मी पास झाले असते तर? त्या अंगठ्यानिशी रोज घरी आले असते. आईजवळ.

ब्रिसा: तू पास होणारच नव्हतीस. डाग दिसणारच होता. मी सगळा विचार केला होता.

रोसाउरा: सगळा विचार! सोळाव्या वर्षी सगळा विचार!

ब्रिसा: ओरड. ओरड माझ्यावर. पण मॅडमसमोर नको.

रोसाउरा: मॅडमसमोरच! मॅडम, ऐकताय ना?

सेगारा मॅडम: ऐकतेय.

रोसाउरा: मी नाही करणार पुन्हा. आता कळलंय ना, आता नाही होणार. आत्ता घ्या तिसरी संधी.

सेगारा मॅडम: रोसाउरा, ही सवय कुठून लागली तुला?

रोसाउरा: कुठून म्हणजे? लहानपणापासून. सगळेच करतात.

सेगारा मॅडम: टॅक्सीत सगळे करतात. नळी गेल्यावर करायचं, हे कुणी शिकवलं?

रोसाउरा: कुणी नाही.

सेगारा मॅडम: आठवून बघ.

रोसाउरा: ...तुम्ही.

सेगारा मॅडम: हं.

रोसाउरा: इंटर्न होतो तेव्हा. तुम्ही नळी घालायचात, बांधायचात, आणि मग क्रूस काढून अंगठ्याचा मुका घ्यायचात. मग आम्हीही. पूर्ण बॅच. एकदा फाब्रिसियो विसरला तर आम्ही त्याला पुन्हा करायला लावलं. आम्हाला वाटायचं, तो कामाचाच भाग आहे. गाठ बांधण्यासारखा.

सेगारा मॅडम: छत्तीस वर्षं करतेय. हातमोज्यांनिशी. तेव्हा काही बिघडत नव्हतं.

ब्रिसा: मॅडम, तुम्ही रडू नका हं.

सेगारा मॅडम: मी रडत नाहीये, मी मोजतेय. फोन घशाजवळ धरायला मीच सांगितलं सगळ्यांना. नळी झाली की मागे व्हा, असंही मीच. म्हणजे मधले चार सेकंद मी कुणाचेच बघितलेले नाहीत. सत्तेचाळीस जणांचे. एकोणतीस जण पास केलेत मी.

रोसाउरा: पण डाग? त्यांच्या मास्कवर डाग असता ना!

सेगारा मॅडम: तुझ्याकडे जांभळा मका होता म्हणून दिसला. ज्यांच्याकडे रंग नव्हता त्यांना मी मैदा लावायला सांगितला. पांढरा मैदा, पांढरा मास्क. शाबास, देल्फिना सेगारा. पासष्टी झाली म्हणून घरी बसवलं तर इथून हे केलंस!

रोसाउरा: फाब्रिसियोकडे काय होतं?

सेगारा मॅडम: मैदा.

ब्रिसा: तो गुरुवारपासून आत आहे.

सेगारा मॅडम: माहीत आहे मला.

रोसाउरा: त्याला आत्ताच्या आत्ता फोन करा, मॅडम! माझं राहू द्या.

सेगारा मॅडम: तो आत असेल तर फोन बाहेरच्या कपाटात असतो. मेट्रनला कळवते, लिहितेय बघ. दोन मिनिटं... गेला मेसेज. दाराशी त्याला अडवून सांगतील. आता तुझं. बाकीच्यांना फोन करण्याआधी मला कळायला हवं, त्यांना करू नका म्हणून सांगायचं, की काय करा म्हणून सांगायचं. चल, उभी राहा. ब्रिसा, आता फोन दूर. आरशाच्या फळीवर टेकव. मला सगळं दिसलं पाहिजे.

ब्रिसा: टेकवला. शाम्पूच्या बाटलीला. आकडे पाठवा.

सेगारा मॅडम: आकडे तूच ठरव. छळ तिला.

ब्रिसा: खरंच? मग... अठ्ठ्याहत्तर! टुंग! शहात्तर! टुंग!

रोसाउरा: जीभ बाजूला. वर. दिसली. नळी आत. पिशवी.

ब्रिसा: ऐंशी. फुगला... एकच फुगा फुगला!

रोसाउरा: खोल गेली. थोडी मागे घेते. आता?

ब्रिसा: दोन्ही! अठ्ठ्याऐंशी, ब्याण्णव, पंच्याण्णव! टिंग टिंग!

रोसाउरा: बांधली.

ब्रिसा: ताई! हात!

रोसाउरा: अरे देवा.

सेगारा मॅडम: कपाळापर्यंत गेला. बघितलंस? माहीत असूनही गेला. "करू नका" म्हणून भागणार नाही तर.

रोसाउरा: मला हात कापूनच टाकावा लागेल.

ब्रिसा: हाताला दुसरं काम द्या ना! मॅडम, आईच्या पार्लरमध्ये नवीन मुली सारख्या आपल्याच केसांना हात लावायच्या. आई ओरडली नाही त्यांना. तिनं प्रत्येकीच्या हातात कंगवा दिला आणि सांगितलं, कात्री ठेवली की कंगवा धरायचा. आठ दिवसांत सवय गेली.

सेगारा मॅडम: पण कंगवा नेता येणार नाही आत.

ब्रिसा: मग हातालाच हात द्या. असे. बोटांत बोटं अडकवून, पोटाशी. आणि मोठ्यानं आकडे वाचायचे. हात सोडवायचे ते आकडे वाचून झाल्यावरच.

सेगारा मॅडम: ऑक्सिजन, नाडी, रक्तदाब. तिन्ही वाचून झाले की मागे व्हायचं. चालेल. रोसाउरा?

रोसाउरा: आणि प्रार्थना?

सेगारा मॅडम: मनात कर. देवाला हात बघायची गरज नसावी. मी तरी आता तसंच धरून चालतेय. पुन्हा नळी काढ. पहिल्यापासून.

ब्रिसा: काका, आ करा. नव्वद... चौऱ्याऐंशी... एकोणऐंशी... टुंग...

रोसाउरा: दिसली. नळी आत. दोन्ही बाजू?

ब्रिसा: दोन्ही. ब्याण्णव.

रोसाउरा: बांधली. हात... धरले. ऑक्सिजन?

ब्रिसा: शहाण्णव.

रोसाउरा: ऑक्सिजन शहाण्णव. नाडी?

ब्रिसा: एकशे दहा. जोरात चाललीय. घाबरलेत काका.

रोसाउरा: नाडी एकशे दहा. रक्तदाब?

ब्रिसा: शंभरावर साठ.

रोसाउरा: शंभरावर साठ. मागे होतेय. हात खाली आहेत, मॅडम. खालीच आहेत.

सेगारा मॅडम: बघतेय. किट काढ.

रोसाउरा: वरचे हातमोजे. आतलं बाहेर. हात धुतले. गाठ. खांदे. गुंडाळला. टाकला. हात. डोळे मिटून शील्ड. टाकलं. हात.

सेगारा मॅडम: जवळ ये.

ब्रिसा: मी बघते! मी आधी बघते! ...पांढरा. मॅडम, पांढराशुभ्र. मानेवर नाही, कानामागे नाही, कुठेच नाही.

सेगारा मॅडम: पास. अकरा वाजून वीस मिनिटं. रोसाउरा, सोमवारी साडेसहाला मागच्या दारानं. ब्रिसा...

ब्रिसा: मला माहितीये. मी वाईट वागले.

सेगारा मॅडम: वाईटच वागलीस. आणि तूच बोलली नसतीस तर मला आज अठ्ठावीस फोन करायचे आहेत हे कधी कळलंच नसतं. दोन्ही लक्षात ठेव. चला, मी ठेवते.

रोसाउरा: मॅडम, फाब्रिसियोचं काही...?

सेगारा मॅडम: मेट्रनचा निरोप आलाय. त्याला दाराशी सांगितलं. तो म्हणाला, "मी असं करतच नाही." आणि असं म्हणता म्हणता त्यानं केलं. काल त्याची तपासणी झालीय, निकाल मंगळवारी. ठेवते.

ब्रिसा: ...गेल्या मॅडम.

रोसाउरा: हं.

ब्रिसा: बोलणारेस का माझ्याशी?

रोसाउरा: आत्ता नाही. पाव दे.

ब्रिसा: घे. थंड झालाय. गरम करू?

रोसाउरा: असू दे. हे उरलेलं मक्याचं पाणी गाळून ठेव, आईला संध्याकाळी प्यायला दे. आणि काकांना पुसून कपाटात ठेव. संपलं एकदाचं.

ब्रिसा: नाही ठेवणार.

रोसाउरा: आता काय?

ब्रिसा: एकदाच जमलंय तुला. एकदा. त्याआधी तीनदा हात गेला होता.

रोसाउरा: ब्रिसा, मी पास झालेय. मॅडमनी सांगितलंय.

ब्रिसा: मॅडमनी सांगितलंय, मी नाही सांगितलं अजून. आज दहा वेळा करायचं. उद्या संचारबंदी आहे, दिवसभर काहीच काम नाही. उद्या वीस वेळा.

रोसाउरा: मी दमलेय गं.

ब्रिसा: दमलेली असतानाच करायचं. तिकडे ताजीतवानी असणारेस का? पाव संपव आणि हातमोजे घाल.